निळ्या पिंपातलं पाणी

महापूर आला की कोल्हापुरात सगळे देव पाण्यात ठेवून बसतात. त्या वर्षीही बसले होते. रेडिओवर पंचगंगेची पातळी सांगायला लागले की गल्ली चिडीचूप व्हायची, आणि पाणी दोन बोटं उतरलं असं कानावर पडलं की घराघरातून सुस्कारे सुटायचे. त्या सगळ्या गावात मी एकटीच अशी होते, जिला पाणी उतरायला नको होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्याला तुरटीची गोष्ट माहीत आहे, मुलांना तर ती पाठ आहे. पण पूर राहू दे म्हणून मी देवघरासमोर हात जोडले होते, हे साठी उलटल्यावर पहिल्यांदाच लिहिते आहे. लोकांची घरं पाण्यात होती. खालच्या गल्लीतली अकरा माणसं आमच्याच घरात आसऱ्याला आली होती. तरीही मी ते मागणं मागितलं. कारण पाणी उतरलं की रस्ता सुटणार होता, रस्ता सुटला की दिनाकाका बायकोपोरांसह घर सोडून जाणार होता, आणि तो माझ्यामुळे जाणार होता.

आम्ही कुंभार. मडकी आजोबांच्या काळातच सुटली होती, आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातात उरले होते ते गणपती. आषाढ लागला की पुढची खोली शाडूची व्हायची आणि आम्ही मागच्या दोन खोल्यांत आवळून राहायचो. झोपायला जागा नसली तरी गणपतींना असायची. माळ्यावर, फळ्यांवर, कोनाड्यात, एकदा तर शिवणाच्या मशीनवर. सकाळी जाग यायची ती माती मळण्याच्या थपथप आवाजानं. दुपारी पॉलिश-कागदाची घासाघीस चालायची, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "जेवान गार व्हाय लागलंय, देव काय पळून जात न्हाईत!" श्रावण लागला की मटणाच्या रश्शाचा प्रश्नच नसायचा. भाकरी, मिरचीचा खर्डा, वर दह्याची कवडी, आणि संध्याकाळी भडंग. त्या भडंगातसुद्धा शाडूची बारीक पूड असायची. माझ्या लहानपणाची चव विचाराल तर ती लसूण, शेंगदाणे आणि माती अशी आहे.

दिनाकाका म्हणजे आबांचा धाकटा भाऊ. तो गुजरातेत एका कारखान्यात होता. कारखाना बंद पडला आणि तो काकी, दोन पोरं आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन घरी आला. नुसता आला नाही, एक रीत घेऊन आला. आमच्याकडे माती साच्यात अंगठ्यानं दाबून दाबून भरायचे. मूर्ती भरीव आणि जड; मोठी असली तर उचलायला चार माणसं लागत. काका म्हणाला, दाबायची कशाला, ओतायची. शाडू पाण्यात घोटून पातळ करायचा, प्लॅस्टरच्या साच्यात ओतायचा. साचा पाणी शोषून घेतो, कडेनं मातीचा थर धरतो, उरलेली माती परत ओतून काढायची. आतून पोकळ, बाहेरून नाकाच्या शेंड्यापर्यंत रेखीव. आबांनी पहिली मूर्ती एका हातानं उचलली तेव्हा ते हसायलाच लागले. त्या पातळ मातीला कारखान्यात काही इंग्रजी नाव होतं. आमच्या घरात तिचं नाव पडलं रबडी.

एक गोष्ट मात्र घराबाहेर जाऊ द्यायची नव्हती. काकाच्या कारखान्यात काय बनायचं असं कुणी विचारलं तर 'चिनी मातीची भांडी' एवढंच सांगायचं, अशी आईची सक्त ताकीद होती. कपबश्या असतील, असं लोक समजायचे. आम्ही समजू द्यायचो.

रबडीची खरी जादू सोड्यात होती. शाडू आणि पाणी कितीही घोटा, चिखलच होतो. पण काका त्यात धुण्याचा सोडा टाकायचा, पोह्याच्या चमच्यानं मोजून, आणि बघता बघता तो चिखल सैल व्हायचा. एक थेंब पाणी न वाढवता! मी त्या वर्षी अकरावीला सायन्स घेतलं होतं आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती, पण हे काही कळेना. काकालाही कारण सांगता यायचं नाही. तो म्हणायचा, "सोडा कमी झाला तरी बिघडतंय, जास्त झाला तरी बिघडतंय. आन् पाण्याला कुणी हात लावायचा न्हाई." रबडीचं पाणी एका निळ्या पिंपात वेगळं भरलेलं असायचं. त्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

मग पूर आला. गंमत अशी की कोल्हापुरात पूर आला की आधी नळाचं पाणी जातं. उपसा करणारे पंपच पाण्याखाली जातात. गल्लीतल्या आडाला पाणी होतं, पण गढूळ, चहासारखं. कॉलेज बंद. घरात आमची नऊ आणि आसऱ्याची अकरा माणसं. आईनं माझ्याकडे काम दिलं, सगळी पिंपं आणि घागरी तुरटी फिरवून निवळायची. खडा हातात धरून पाण्यात पाच-सहा वेळा गोल फिरवायचा, काढून घ्यायचा, तासाभरानं गाळ खाली बसतो. पहिल्या दिवशी मी हे मन लावून केलं. दुसऱ्या दिवशी हात दुखायला लागला. तेव्हा मी एक शहाणपणा केला. तुरटीचा मोठा गोळा वरवंट्यानं फोडला आणि एकेक तुकडा प्रत्येक पिंपात सरळ टाकून दिला. फिरवायची कटकट नको. आणि ओळीतलं शेवटचं पिंप निळं होतं. त्यातलं पाणीही घाण दिसत होतं. काकाच्या देवाला असलं पाणी कशाला, म्हणून त्यात मी जरा मोठाच तुकडा टाकला. मनात होतं की काका म्हणेल, व्वा, आज पाणी कसं काचेसारखं आहे.

काका म्हणालाही तसं. "आज पानी झ्याक हाय की," म्हणाला आणि रबडी घोटायला बसला. सोडा टाकला, आणि रबडी सैल व्हायच्या ऐवजी दह्यासारखी धरली. पळीला दाणे दाणे चिकटायला लागले. त्यानं पाणी वाढवलं, त्याच पिंपातलं. ओतली. मूर्ती निघाल्या, पण वाळताना एकेक मान तडकली, सोंड गळून पडली. त्यानं सोडा वाढवला, तर आणखी बिघडलं. सोडा भेसळीचा आहे असं त्याला वाटत होतं, पण दुकानं पाण्यात, दुसरा आणणार कुठून? तीन दिवस असे गेले. चतुर्थी तोंडावर होती. फळीवर मान मोडलेल्या गणपतींची रांग बघून आसऱ्याला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून कुजबुजायला लागल्या.

आप्पांचं लक्ष गेलं ते तिसऱ्या दिवशी. आप्पा म्हणजे आबांचे चुलते, गल्लीतले सगळ्यांत जुने कुंभार. दुपारचं जेवण ते आमच्याकडेच घ्यायचे आणि ओतीव गणपतीकडे पाठ करून बसायचे. त्या दिवशी त्यांनी तोंड वळवलं.

"दिना, हे काय रं?"

काका आधीच पिचला होता. "आप्पा, मातीचा दोष न्हाई. रीत चुकीची न्हाई. कारखान्यात रोज साठ-साठ भांडी वतायचो आमी, एक तडकत नव्हतं."

"कसली भांडी?"

कपबश्या म्हणाला असता तर निभावलं असतं. पण दिनाकाकाला खोटं बोलता यायचंच नाही. त्यानं आईकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि खाली मान घालून म्हणाला, "संडासाची."

आज हे लिहिताना मला हसू येतं आहे. तेव्हा मात्र मी दाराआड सरकले होते. आप्पा सावकाश उठले. "म्हंजी ज्या रीतीनं संडास वतत्यात, त्याच रीतीनं देव वताय लागलाईस. मग देव न्हाई फुटणार तर काय हुणार?" आणि आबांकडे वळून म्हणाले, "गिऱ्हाईक इचारंल तवा काय सांगणार हाईस तू?"

आबा भावाच्या बाजूनं काही बोलतील, अशी मी वाट पाहत होते. ते बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "उद्यापास्नं दाबूनच करू." काकानं हात धुतले. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "दादा, मग माझं हितं काय काम? मला दाबाय येत न्हाई तुझ्यागत. रस्ता सुटला की जातो. तिकडं दुसरा कारखाना बघतो."

त्याच संध्याकाळी मी आडाच्या पाण्याची नवी घागर निवळायला बसले. या वेळी खडा हातानंच फिरवला आणि सहज आत बघत राहिले. गढूळ पाण्यात आधी काहीच नसतं, नुसता धुरकटपणा. मग त्याचे दाणे होतात, दाण्यांचे पुंजके होतात आणि ते खाली जायला लागतात. ते दाणे मी कुठंतरी पाहिले होते. काकाच्या पळीवर! हातातला खडा तसाच राहिला. पाण्यातला गढूळपणा म्हणजे तरी काय, मातीच. आणि रबडी म्हणजे काय, मातीच. तुरटीला काय कळणार, कुठली गाळ म्हणून बसवायची आहे आणि कुठली देवासाठी तरंगत ठेवायची आहे! मी निळ्या पिंपाकडे गेले, बाही वर करून तळाशी हात घातला. तुकडा तिथंच होता, झिजून गुळगुळीत झालेला. मी तो काढला आणि परकराच्या ओच्यात लपवला.

पुढं मी रसायनशास्त्र शिकले आणि आयुष्यभर माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, तेव्हा या प्रकाराचं कारण कळलं. मातीच्या बारीक कणांच्या अंगावर पाण्यात विजेचा भार असतो. सोड्यातले सोडियमचे भारित कण त्यांच्याभोवती सैलसर जमतात, मग मातीचे कण एकमेकांना दूर ढकलत राहतात आणि रबडी वाहते. तुरटीतलं ॲल्युमिनियम तिप्पट भाराचं. ते मातीच्या अंगाला घट्ट चिकटून तो भारच मारून टाकतं. ढकलाढकली संपते आणि कण एकमेकांना बिलगतात. हातकणंगल्याकडचे शेतकरी चोपण जमिनीची माती घेऊन यायचे, पाणी मुरत नाही म्हणून तक्रार करायचे, तेव्हा मी त्यांना हेच सांगायचे. जमिनीत सोडियम वाढलाय, तुमच्या रानाची रबडी झाली आहे. जिप्सम घाला, कण परत धरतील. कुणाला रबडी कळायची नाही, मग मी चहा मागवून सगळी गोष्ट सांगायचे. साहेब वैतागायचे.

पण तेव्हा मला कारण कळलं नव्हतं, अपराध तेवढा कळला होता. आणि मी गप्प बसले. एक दिवस नाही, दोन दिवस. सांगावं तर वीस माणसांसमोर माझी शोभा होणार. न सांगावं तर काका जाणार. मी तिसरा मार्ग काढला, पूर राहू दे. पण रेडिओ दर वेळी पाणी उतरल्याचंच सांगायचा. बायका आनंदानं एकमेकींचे हात धरायच्या आणि मला रडू यायचं. "पोरगी भ्याली पुराला," म्हणून एकीनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्याही उतरून टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काकीनं ट्रंक भरली, वळकटी बांधली आणि मला जवळ बोलावून माझी वेणी घालायला बसली. रोज ती घट्ट घालायची, डोळे ताणले जायचे. त्या दिवशी हात सैल होता. "तुझा काका कारखाना बंद पडला तवा रडला न्हवता," ती म्हणाली, "काल रडला. कुणाला सांगू नगंस." तिनं वेणी पुरी केली आणि रिबन शोधायला उठली.

दुपारी पंगत बसली. आबा, काका, आप्पा, खालच्या गल्लीतले पुरुष. पानात पिठलं-भाकरी होती. मी वाढता वाढता थांबले. आमच्याकडे मुलीसुद्धा 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. त्याच बोलीत, हातात पिठल्याचं पातेलं धरून मी म्हणाले, "आबा, निळ्या पिंपात तुरटी मी टाकलो हुतो. काढायचं इसरलो."

मी डोळे मिटून घेतले होते. आता आभाळ कोसळणार होतं. पण काहीच झालं नाही. आबा म्हणाले, "मग? तुरटीनं पानी निवळतंय की." आप्पा म्हणाले, "पिठलं वाढ." कुणीतरी कांदा मागितला. अपराध कबूल करायला एवढं बळ गोळा करावं आणि तो अपराध आहे हेच कुणाला कळू नये! मी डोळे उघडले. एकट्या काकाचा घास तोंडात थांबला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कवा टाकलीतीस?"

"झ्याक पानी हाय म्हणालास, त्याच्या आदल्या सांजला."

काका पानावरून उठला, हातही धुतला नाही. बाहेर बारीक झड चालूच होती. पागोळ्यांखाली आईनं भांडी धुण्यासाठी घमेलं लावलं होतं, ते त्यानं उचलून आणलं. "ह्यात तुरटी हाय?" मी मान हलवली, नाही. त्यानं शाडू चाळला, पावसाच्या पाण्यात अर्धा तास घोटला, चमच्यानं मोजून सोडा टाकला. सगळी पंगत खरकट्या हातांनी भोवती उभी. रबडी सैल झाली. त्यानं पळी उंच धरली आणि अखंड धार खाली आली, मधासारखी. मग त्यानं अर्धी रबडी दुसऱ्या भांड्यात काढली आणि माझ्यापुढं हात केला. दोन दिवस जपलेला ओच्यातला तुकडा मी त्याला दिला. त्यानं तो बत्त्यानं ठेचून त्यात टाकला, ढवळला आणि पळी आबांच्या हातात दिली. पळी उलटी केली तरी रबडी पडेना.

आप्पांनी एकेका भांड्यात बोट बुडवून पाहिलं. पहिल्यात, मग दुसऱ्यात, मग परत पहिल्यात. त्यांच्या बोटांना माती लागली की ते दुसरेच कुणी व्हायचे, हे मला तेव्हा प्रथम दिसलं. "ह्या पहिल्या मातीचा देव फुटणार न्हाई?" त्यांनी विचारलं.

"न्हाई फुटत, आप्पा."

"मग वत की. बगत काय हुबा ऱ्हायलाईस? चतुर्थी काय तुझ्यासाठी थांबणार हाय व्हय?"

संडासाचा विषय त्यांनी परत कधी काढला नाही. माफ केलं असं मात्र नाही. पुढं जन्मभर ओतलेल्या गणपतीला नमस्कार करण्याआधी ते त्यावर थोडं पाणी शिंपडून घ्यायचे.

घरातली सगळी भांडी पागोळ्यांखाली लागली. आसऱ्याला आलेल्या बायकाही कळशा घेऊन धावल्या. त्या गडबडीत आबा माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, "तुला कवापास्नं ठावं हुतं?" मी म्हणाले, "परवापास्नं." त्यांनी हातातलं पातेलं पागोळ्यांखाली ठेवलं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मग म्हणाले, "मी बी त्या दिवशी गप्पच बसलो की, सुमे." आणि काकाच्या हातातली बादली स्वतः घेऊन साच्यांकडे गेले. मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की दोन दिवसांची भूक एकदम लागली. मी उभ्याउभ्याच चार भाकरी खाल्ल्या. खर्ड्यानं डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायचीही गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साचे उघडले. काका दोऱ्या सोडायचा, आबा वरची बाजू उचलायचे. पहिला गणपती निघाला, मान शाबूत. दुसरा, सोंड शाबूत. तिसऱ्याला आबांनी कान लावला, बोटानं टिचकी मारली आणि काकाच्या पाठीवर थाप दिली. त्याच्या सदऱ्यावर पांढरा पंजा उमटला. तेवढ्यात बाहेरून ओरडा आला, "हायवे सुटला! गाड्या चालू झाल्या!" खालच्या गल्लीतली माणसं पोरंबाळं उचलून दाराकडे धावली. मी जागची हलले नाही. काकीही हलली नाही. ती मधल्या दारात उभी होती, मागं भिंतीला ट्रंक आणि बांधलेली वळकटी.

"आवं," ती म्हणाली, "रस्ता सुटला म्हणं."

काकाच्या दोन्ही हातांत ओला गणपती होता. त्यानं वर पाहिलंही नाही. "मग सुटू दे की," म्हणाला.

एकदम काकीचा नेहमीचा, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा आवाज लागला. "आगं सुमे, बगत काय बसलीस? माझा तवा त्या वळकटीत गुंडाळलाय. भाकरी कशावर भाजू, तुझ्या काकाच्या टकलावर?"

मी धावत गेले. वळकटीची गाठ पावसाळी ओलीनं फुगून घट्ट बसली होती, नखांना सुटेना. मी खाली बसून ती दातांनी सोडवली.